शॉर्टलचं शटर

१

ट्राम धावायला अजून बराच अवकाश होता, पण तिच्या रुळांनी एक बाई आधीच आडवी केली होती.

टॅलो स्ट्रीट म्हणजे डब्लिनच्या उत्तरेकडची जुनी दुकानांची गल्ली. ट्रामची नवी लाईन तिच्या मधोमध टाकायला घेतल्यापासून ती उकरलेलीच होती. गाड्या बंद, फक्त पायी जाणारे आणि सायकलवाले यांना वाट. रोशीन केली नावाची परिचारिका रात्रपाळी आटोपून मंगळवारी सकाळी त्या वाटेने घरी चालली होती. तिच्या सायकलचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि ती अशी आपटली, की कंबरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा पहिल्यासारखं चालता येईल का, या प्रश्नावर डॉक्टर विषय बदलत होते.

तीन आठवड्यांनी हे प्रकरण डिम्फ्ना राफ्टरच्या हाती आलं. वाहतूक पोलिसात सार्जंट म्हणून तिची हयात गेली होती. निवृत्तीनंतर बाग करीन म्हणाली होती, पण बागेत तिचा जीव रमेना. लाईनच्या सुरक्षा मंडळाने चौकशी कराल का विचारलं, तेव्हा तिने खुरपं तिथेच टाकलं.

रुळाची खाच सायकलच्या चाकाएवढीच रुंद असते. रूळ काटकोनात ओलांडला तर नुसता धक्का बसतो, तिरका ओलांडला तर चाक आत जातं. म्हणून टॅलो स्ट्रीटच्या वळणावर लाल-पांढरी बॅरिकेड लावून सायकलवाल्यांना मुद्दाम वळसा दिला होता, म्हणजे ते रुळावरून सरळ आडवे जातील. रोशीन पडली त्या सकाळी तो वळसा नेमका उलट्या बाजूला होता. बॅरिकेडच तिला तिरकं रुळावर घेऊन गेली.

साइट मॅनेजर प्रेंडरगास्टने दोन वाक्यांत निकाल लावला. रोज सकाळी बॅरिकेड लावायचं काम लॉर्कन डेव्हेनचं. त्याने उलटी लावली, संपलं.

'संपलं' हा शब्द डिम्फ्नाला कधीच आवडला नव्हता. तो म्हणणारा माणूस बहुधा कशाला तरी हात लावायला घाबरत असतो, असं तिचं मत होतं.

लॉर्कनला घरी बसवलं होतं. गुरुवारी मंडळाची बैठक होती. त्यात दोष त्याच्यावर आला, की नोकरी जाणार आणि वर निष्काळजीपणाचा खटला. पन्नाशी उलटलेला हा धिप्पाड माणूस कॅफेत तिच्यासमोर कपाला हात न लावता बसला होता.

"सार्जंट, मला माझं नाव विचारा, एखादवेळी चुकेन. यात नाही चुकणार. मी नीट लावली होती."

"मग उलटी कोणी केली?"

"ते मला माहीत असतं तर मी इथे तुमचा चहा गार करत बसलो असतो का?"

तिने त्याच्यापुढे पोलिसांनी काढलेला फोटो सरकवला. बॅरिकेड ओळीत उभी होती, एकमेकांत अडकवलेली. एकाचा आकडा तुटलेला होता, तिथे निळ्या नायलॉनच्या दोरीने घट्ट गाठ मारली होती.

"ही दोरी तुझी?"

लॉर्कनने फोटो डोळ्यांजवळ नेला. "आमच्याकडे नारिंगी असते. निळी मी कधी पाहिलीच नाही."

खोडी काढणारी पोरं बॅरिकेड लाथेने पाडतात, फार तर कालव्यात ढकलतात. ती ओळीत लावून तुटकी बाजू बांधून देत नाहीत. हे काम करणाऱ्याने मन लावून केलं होतं, आणि तरीही ते चुकलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी ती टॅलो स्ट्रीटकडे निघाली, तेव्हा पुलाजवळून एक शववाहिका चालली होती. मासेवाल्याने बाहेर येऊन शटर खाली ओढलं. डिम्फ्नाने टोपी काढली, शेवटची गाडी जाईपर्यंत उभी राहिली आणि टोपी घालून पुढे निघाली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

बेकरीवाल्या डोलोरस फॉयने तिला आधी ब्राऊन ब्रेड खायला लावला, मग कानांवर हात ठेवले. त्या सकाळी मॉसी क्वर्क चांभाराची अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. अख्खी गल्ली चर्चमध्ये. कोण कुठून काय बघणार?

"शववाहिका या गल्लीतूनच गेली असेल ना? मॉसीचं दुकान इथलंच."

"छे हो. नॅन्सने अर्ज केला होता बिचारीने, माझ्या नवऱ्याला शेवटचं दारावरून जाऊ द्या म्हणून. ट्राम कंपनीने नाही म्हटलं. बॅरिकेडला कोणी हात लावला तर खटला भरू म्हणाले. मग गेली बाहेरच्या रस्त्याने." डोलोरसने लोण्याची वाटी पुढे सरकवली. "घ्या की, वाळून गेलात."

न्हावी पायस मीहननेही हेच सांगितलं. इतकं हेच, की डिम्फ्नाला त्यात पाठांतराचा वास आला. बाहेरचा रस्ता, अख्खी गल्ली चर्चमध्ये, कोणी काही पाहिलं नाही. फक्त एक जण मिस्सेला नव्हता, पायस म्हणाला आणि वस्तऱ्यानेच समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडे बोट केलं.

"फर्गस शॉर्टल. वीस वर्षं मॉसीबरोबर हर्लिंगच्या मॅचना जायचा. मग ट्राम आली आणि बोलणं बंद. मेल्यावरसुद्धा आला नाही, घ्या. माणूस म्हणायचं का याला?"

ट्रामवरून भांडण झालं ते असं. मॉसीचा बाप जुन्या ट्रामवर ड्रायव्हर होता. ते रूळ उखडले गेले तेव्हा तो बसून रडला होता म्हणे. ट्राम परत येणार कळल्यावर मॉसीने दुकानात सगळ्यांना व्हिस्की पाजली. शॉर्टलने मात्र रुळाची खाच मोजली, सायकलचं चाक मोजलं आणि विरोधी समिती काढली. ओलांडायच्या जागी रस्ताच वळवून सिमेंटमध्ये पक्का करा, हलत्या बॅरिकेडवर माणसांचे जीव टांगू नका, हे तो प्रत्येक सभेत ओरडून सांगायचा. बॅरिकेड पुरेशी आहेत, असं कंपनी शांतपणे उत्तर द्यायची. शॉर्टलच्या काचेवर ठळक अक्षरांत पाटी होती: ही खाच कुणाचा तरी जीव घेईल.

आणि रोशीन पडली तेव्हा पहिला धावला तो शॉर्टल. स्वतःचा कोट तिच्या डोक्याखाली देऊन रुग्णवाहिका येईपर्यंत रस्त्यात बसून होता. त्यावरून गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. आपलं म्हणणं खरं करायला यानेच घडवून आणलं असेल, असं लोक म्हणत होते. प्रेंडरगास्टलाही ते पटायला लागलं होतं. लॉर्कनला शॉर्टलने फितवलं असेल, एवढी सुधारणा त्याने सुचवली.

शॉर्टल सत्तरीचा, काटकुळा. कुणाचंही ऐकून घेईल असा चेहराच नव्हता त्याचा.

"क्वर्कच्या अंत्ययात्रेला मी? माझं डोकं फिरलंय का? मी दुकानात होतो."

"मग बॅरिकेड कोणी हलवली ते दिसलं असेल. दार समोरच आहे तुमचं."

"नाही दिसलं. शटर खाली होतं."

"आणि ती मुलगी पडल्यावर?"

"आवाज ऐकला. गेलो. कोणी पडलं तर जायचं नाही का?" त्याने काउंटरवरचे खिळे उगाच डब्यात भरायला घेतले. "अजून काही हवंय? नसेल तर मला गिऱ्हाईक आहे."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या पाठीमागे दोऱ्यांच्या गुंडाळ्या टांगल्या होत्या. पांढरी, हिरवी, आणि अर्धी संपलेली निळी.

३

निळी दोरी दिसली म्हणून डिम्फ्ना खूश झाली नाही. दोरीने माणूस सापडला होता, कारण सापडलं नव्हतं. शॉर्टल खडूस होता, हेकट होता, पण दोन वर्षं जी खाच लोकांना वाचवायला मोजत फिरला, त्याच खाचेत तो एका मुलीला ढकलेल? हे तिच्या गळी उतरेना.

रात्रीचं जेवण चुलीवर तसंच राहिलं आणि तिने पुन्हा सगळ्यांची बोलणी मनात उगाळली. डोलोरसचं, पायसचं शटर खाली असणारच, ते चर्चमध्ये होते. पण शॉर्टल तर दुकानात होता. दुकान उघडायच्या वेळी, गिऱ्हाइकांची आधीच बोंब असताना, आत बसून माणूस शटर कशाला पाडेल? लुटारू येणार होते? दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही, हे तर तो प्रत्येक सभेत छातीवर हात मारून सांगायचा.

आणि मग तिला पुलाजवळचा मासेवाला आठवला. ती स्वतःवरच चरफडली. लहानपणापासून पाहिलेलं होतं, म्हणूनच दिसलं नव्हतं. या शहरात भर दिवसा, चालत्या धंद्यात दुकानदार एकाच कारणासाठी शटर ओढतो. त्याच्या दारावरून शववाहिका जात असते तेव्हा.

म्हणजे मॉसी क्वर्क बाहेरच्या रस्त्याने गेलाच नव्हता. अख्खी गल्ली तिच्याशी खोटं बोलली होती.

खोटं न बोलणारं एकच माणूस उरलं होतं. नॅन्स क्वर्क दफन झाल्यापासून समुद्राकाठी, ब्रे गावात बहिणीकडे होती. सकाळी डिम्फ्ना तिथे पोचली. गल्लीच्या कानगोष्टी इथवर आल्या नसतील असा तिचा अंदाज होता. तिने सांत्वनाचे चार शब्द बोलून, चहाचा पहिला घोट घेऊन, अगदी सहज विचारलं,

"शववाहिका दुकानासमोर किती वेळ थांबली हो?"

"'नमो मरिया'ची एक प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ," नॅन्स म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "दारासमोर थांबली, मग हळूहळू पुढे निघाली. पायसने आणि डोलोरसने स्वतःच्या हाताने ती बॅरिकेड बाजूला केली. सगळे पायी मागून आले, थेट चर्चपर्यंत. कंपनीने परवानगी दिली म्हणून बरं. मी त्यांना आभाराचं पत्र लिहिणार आहे."

"सगळे आले?"

"फर्गस सोडून. पण त्याने शटर ओढलं होतं. मी गाडीतून पाहिलं ते. मॉसीने पाहिलं असेल अशी मी मनाची समजूत घातली."

डिम्फ्नाने कप खाली ठेवला. परवानगी नाकारल्याचं या बाईला शेजाऱ्यांनी कळूच दिलं नव्हतं. त्यांनी तिच्यासाठी नियम मोडला, आणि त्यातून काय झालं हे लपवायला तोंडाला कुलूप लावलं. हे कुलूप उघडणं डिम्फ्नाला मुळीच आवडत नव्हतं. पण तिकडे लॉर्कन डेव्हेन घरी भिंतीकडे बघत बसला होता. तिने सगळं सांगून टाकलं.

नॅन्सने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "त्या मुलीचं हाड मोडलं, एका माणसाची भाकरी चाललीय, आणि मी इथे बसून आभाराचं पत्र लिहितेय. कधी आहे तुमची बैठक?"

४

पायस आणि डोलोरस मग भडाभडा बोलले. हो, हलवली आम्ही. पण मागून चालत गेलो, परत लावायला कोणी थांबलंच नाही. चर्चमधून आलो तर रस्त्यावर रुग्णवाहिका. बॅरिकेड जागेवर होती, ती कशी आली ते कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. डोलोरस रडत होती आणि रडता रडता ब्रेड बांधून देत होती.

बाकीचं कोडं सोपं होतं. डिम्फ्ना दिवे लागायच्या सुमारास हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

"सगळी गल्ली शववाहिकेच्या मागे गेली," ती म्हणाली. "मागे उरला एकच माणूस. रस्ता सताड उघडा, खाच तशीच, आणि ती खाच किती वाईट आहे हे त्या माणसाइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याने बॅरिकेड एकेक ओढून आणली. तुटका आकडा दिसला तेव्हा दुकानातली दोरी आणून बांधला. पण तो ते वळण दोन वर्षं या काउंटरमागून बघत आलाय, म्हणजे सायकलवाल्याच्या समोरून. त्याच्या डाव्या हाताचं सायकलवाल्याच्या उजव्या हाताला असतं. जसं डोक्यात होतं तसंच त्याने लावलं, पण लावताना उभा होता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सायकलवाल्याच्या बाजूने, म्हणून डावं-उजवं उलटं झालं."

शॉर्टलने ते नाकारलं नाही. खुर्ची ओढून बसला.

"उघडं राहिलं असतं तर कोणीतरी पडलं असतं," तो म्हणाला. "म्हणून लावली."

"मला माहीत आहे."

"मॉसीसाठी शटर ओढलं हे गल्लीला कळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हसले असते लेकाचे. पण हे कसं बोलू? मी तोंड उघडलं की कंपनी जिंकली. तोच शॉर्टल, खाच खाच म्हणून ओरडणारा, त्यानेच पाडलं माणूस. मग माझ्या सिमेंटच्या वळणाचं नाव तरी कोणी घेईल का? ट्राम सुरू होईल, आणि त्या जागी पोरं पडत राहतील."

"आणि लॉर्कन?"

त्याने मान वळवली. बाहेर कोणीतरी सायकल हातात धरून रूळ ओलांडत होतं.

"उद्या मी मंडळाला सगळं सांगणार," डिम्फ्ना म्हणाली. "लॉर्कनला मी बळीचा बकरा होऊ देणार नाही, तुमच्या वळणासाठीसुद्धा नाही. पण मी सांगितलं तर तो तुमच्यावर आरोप होईल. तुम्ही सांगितलंत तर काय होईल, ते तुम्ही ठरवा."

५

बैठक चर्चच्या सभागृहात भरली आणि टॅलो स्ट्रीट झाडून सारी आली. नॅन्स पहिल्या रांगेत काळा कोट घालून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, कारण तिच्या नजरेला नजर द्यायची कोणाची तयारी नव्हती. लॉर्कन मागे भिंतीला टेकून उभा होता.

डिम्फ्नाने शटरपासून सुरुवात केली. शववाहिका गल्लीतून गेली हे तिने सांगितलं, तेव्हा पायस आणि डोलोरस आपणहून उभे राहिले. बॅरिकेड आम्ही काढली, असं म्हणाले. नॅन्सही उठली आणि म्हणाली, मागणी माझी होती, तेव्हा माझंही नाव लिहा. लॉर्कनने सकाळी सगळं नीट लावलं होतं याविषयी आता कोणालाच शंका राहिली नाही. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून विचारलं, "मग परत लावली कोणी?"

डिम्फ्ना थांबली. तिच्या आयुष्यात ती इतका वेळ कधी थांबली नव्हती.

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.

"मी लावली," शॉर्टल म्हणाला. "उलटी मी लावली. त्या मुलीचं हाड माझ्यामुळे मोडलं."

सभागृहात गलका झाला. प्रेंडरगास्ट उभा राहिला तो जवळजवळ हसतच. म्हणजे कंपनीच्या व्यवस्थेत दोष नव्हता, एवढं आता स्पष्ट झालंय, असं त्याने मोठ्या आवाजात नोंदवून घेतलं. बॅरिकेड योग्य होती, बाहेरच्या माणसाने ढवळाढवळ केली, आणि तो बाहेरचा माणूस कोण, तर समितीचे मान्यवर अध्यक्ष. त्यांच्या मागण्या आता कुठे ठेवायच्या ते मंडळानेच ठरवावं.

"माझं झालेलं नाही अजून," शॉर्टल म्हणाला. तो प्रेंडरगास्टकडे वळला. "दोन वर्षं मी ती खाच मोजतोय. या शहरात त्या वळणाची माझ्याइतकी काळजी केलेला माणूस दाखवा. झोपेत उठवून विचारा, मी सांगेन कुठून जायचं. त्या सकाळी मी शुद्धीवर होतो, प्यायलेलो नव्हतो, आणि मनात एकच होतं, की कोणी पडू नये. तरी माझ्या हातून उलटं लागलं. मिस्टर प्रेंडरगास्ट, मी चुकलो तिथे कोण चुकणार नाही? उद्या पाणीवाला पाइपसाठी ती हलवेल. परवा आणखी कोणाची शववाहिका येईल, कारण माणसं मरायची थांबत नाहीत आणि दारावरून जायची थांबणार नाहीत. जी वाट एक म्हातारा दोरीच्या तुकड्याने उलटी करू शकतो, तिला सुरक्षित म्हणायची तुमची हिंमत कशी होते? मला जी शिक्षा द्यायची ती द्या. पण ते वळण सिमेंटमध्ये बांधा."

प्रेंडरगास्टने कागद चाळले.

अध्यक्षबाईंनी आत जाऊन चर्चा केली आणि परत येऊन उभ्यानेच निर्णय सांगितला. लॉर्कन डेव्हेनवर कसलाही ठपका नाही, त्याने कामावर यावं. ओलांडायची जागा काटकोनात पक्की बांधून होईपर्यंत टॅलो स्ट्रीटवर चाचणीचीसुद्धा ट्राम चालणार नाही. शॉर्टलचं काय करायचं ते पोलीस बघतील. नॅन्सच्या बाजूच्या खुर्चीवर डोलोरस हळूच येऊन बसली, आणि नॅन्सने तिला बसू दिलं.

लोक उठले, पण बाहेर कोणी जाईना, कारण लॉर्कन भिंत सोडून शॉर्टलकडे चालत निघाला होता. शॉर्टल टोपी मांडीवर ठेवून बसून होता. पायस मध्ये पडायला पुढे सरकला, तेव्हा डिम्फ्नाने त्याला कोपराने अडवलं.

लॉर्कन त्याच्यासमोर उभा राहिला. "तीन आठवडे माझी बायको मला विचारतेय," तो म्हणाला, "की तू नक्की नीट लावली होतीस ना? रोज. रागाने नाही, प्रेमाने विचारते. शेवटी मीच म्हणायला लागलो होतो, की नसतील लावली."

शॉर्टलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

"तुम्ही इथे सांगितलंत, ते बरं झालं. पण ती इथे नाही. ती घरी आहे. तिला सांगायला चला."

"आत्ता?"

"आत्ता."

शॉर्टलने टोपी उचलली आणि तो लॉर्कनच्या मागोमाग बाहेर पडला.